जुना कॅमेरा घेताना: कॅनन की निकॉन?

नळदुर्गहून आम्ही बचत गटाच्या बारा जणी बोलतोय. आवाज एकीचा आहे, पण म्हणणं बाराही जणींचं आहे. आज विषय जरा वेगळा घेतलाय. शिलाई मशीन, शेळ्या, पिठाची गिरणी यावर आपल्या रेडिओवर पुष्कळ ऐकलं. आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय, तेही जुन्या, वापरलेल्या कॅमेऱ्याबद्दल.

आमच्या गटात दोन सुना आहेत, दोघी बारावी झालेल्या. फोनवर फोटो बरे काढतात म्हणून गल्लीतली डोहाळजेवणं, बारशी, ओटीभरण यांना त्यांना बोलावणं येऊ लागलं. यामागे कारण आहे. डोहाळजेवणात बायका पदर सैल सोडून बसतात, हसतात, उखाणे घेतात. तिथं पुरुष फोटोग्राफर आला की सगळ्या गप्प होतात, नाहीतर भिंतीकडं तोंड करतात. आपली बाई कॅमेरा धरून असली की तसं होत नाही.

ही गोष्ट नवी नाही बरं का. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ च्या सुमारास हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथं एक इंग्रज बाई काढायची. पुरुषांना आत मज्जाव. म्हणजे धंद्याची ही अक्कल सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, आम्ही फक्त ती नळदुर्गात आणतोय.

मग फोन असताना कॅमेरा कशाला? हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला, आणि तो विचारणाऱ्या अक्का काही चुकीचं बोलत नव्हत्या. उन्हात, अंगणात फोन झकास फोटो काढतो. पण ट्यूबलाइटखाली, रात्री, माणसं हलत असताना तो हार खातो. दुसरं कारण अक्कांनाच पटलं. फोन घरच्या कारभाऱ्याचा असतो. कार्यक्रमाच्या ऐन वेळी तो फोन घेऊन रानात गेलेला असतो, नाहीतर फोटो काढताना फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी खताची चौकशी करतो. कॅमेरा गटाचा. त्याची नोंद ठरावाच्या वहीत, कुलूप गटाच्या पेटीला.

नवा घ्यायची ऐपत नव्हती. आता लोक फोनकडं वळल्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे चांगले कॅमेरे स्वस्तात मिळतात. सोलापूर आम्हाला जवळ, म्हणून तिथं चौकशी केली. फिरून फिरून दोन नावं पुढं आली. एक कॅनन १२०० डी, २०१४ साली बाजारात आलेला. दुसरा निकॉन डी ३२००, २०१२ चा. दोन्ही शिकाऊ माणसासाठी बनवलेले, दोन्हींची लेन्स काढता-घालता येते, दोन्हींचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. दुकानदार सांगतो, ‘ताई, हा १८ मेगापिक्सेलचा, तो २४ चा, तोच घ्या.’

इथंच पहिला हिशेब करा. मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके. आपण चार बाय सहा इंचाचा फोटो छापतो, त्याला चांगल्या छपाईत इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, साडेएकवीस लाखांच्या वर थोडे. १८ मेगापिक्सेलमध्ये एक कोटी ऐंशी लाख आहेत. आठपट! आणि २४ आकडा दिसायला केवढा वाटतो, पण फोटोची लांबी धरली तर कॅननचे ५१८४ ठिपके आणि निकॉनचे ६०१६, साधारण सहाव्या भागाइतका फरक. लग्नाच्या अल्बमचं मोठं पानही १८ मध्ये निभतं. फोटोचा कोपरा कापून मोठा करायचा असेल तर २४ चा थोडा फायदा आहे, एवढंच. या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरा फरक दुसरीकडं आहे. पहिला फरक आवाजाचा. निकॉन डी ३२०० ला बाहेरचा माइक लावायचं छिद्र आहे. कॅनन १२०० डी ला ते नाही, त्याच्या अंगातल्या बारक्या माइकवरच भागवावं लागतं. नुसते फोटो काढायचे असतील तर याचं काही नाही. पण आमच्या गटाला वयस्क बायांच्या जात्यावरच्या ओव्या चित्रासकट धरून ठेवायच्या आहेत, आणि पंखा, कोंबडी, रस्त्यावरचा ट्रक हे सगळं ओवीत यायला नको. आपल्याच सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर पुढं गेलं की जहीराबाद लागतं. तिथल्या भागात दलित शेतकरी बायकांनी कॅमेरा हातात घेऊन फिल्मा केल्या, आणि २००८ पासून त्या स्वतःचं ‘संघम रेडिओ’ चालवतात. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग आपल्या बारावी झालेल्या सुनांना कॅमेरा अवघड जाईल, असं कोण म्हणेल?

कॅननवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. फोन जवळ ठेवून त्यात आवाज वेगळा भरून घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. नंतर चित्रातली टाळी आणि फोनमधली टाळी जुळवली की झालं. फक्त काम वाढतं.

दुसरा फरक धुळीचा, आणि हा आपल्या नळदुर्गचा खास. पौष पौर्णिमेला मैलारपूरला खंडोबाची यात्रा. भंडारा उधळतात तेव्हा माणसं, झेंडे, घोडे सगळं पिवळं. ती हळद बारीक असते, कुठंही शिरते. निकॉनमध्ये आतल्या काचेवरची धूळ थरथर करून झटकायची सोय आहे, कॅनन १२०० डी मध्ये नाही. पण त्या सोयीवर विसंबून यात्रेत लेन्स काढू नका. एकच लेन्स लावून जायचं, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची, पिशवीला लेन्सपुरतं भोक, त्याला रबर. हळद आत गेली आणि ओल लागली की ती चिकटते. मग फुंकरीनं जात नाही, कारागीरच लागतो.

तिसरा फरक लेन्सचा. सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते, म्हणून सावकाश सांगतो. कॅननच्या शिकाऊ कॅमेऱ्यावर कॅननची कुठलीही ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स लावली की ती आपोआप फोकस करते, कारण फोकसची मोटर लेन्समध्येच असते. निकॉन डी ३२०० च्या अंगात मोटर नाही, म्हणून लेन्सवर ‘एएफ-एस’ अशी अक्षरं पाहिजेत. एका दुकानात आम्हाला निकॉनची ५० एमएमची ‘डी’ अक्षराची जुनी लेन्स अगदी कमी भावात दाखवली. लेन्स चांगली होती, पण या कॅमेऱ्यावर ती हातानं फिरवूनच फोकस करावी लागते. रांगत्या लेकराचा फोटो हातानं फिरवत कसा काढणार? आणि ‘एएफ-पी’ अक्षरांच्या नव्या लेन्सा तर डी ३२०० वर मुळी फोकसच होत नाहीत, हातानंही नाही. दुकानदार सांगो वा न सांगो, आपण अक्षरं वाचायची. कॅमेऱ्याला लावून, दार उघडून, समोरच्या चहाच्या टपरीवर फोकस करून बघायचं.

कॅननचीही एक खूण आहे. सोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सवर ‘आयएस’ ही अक्षरं असतील तर ती हाताचा कंप सावरते. काहींवर ती नसतात. निकॉनकडं त्याच कामाची अक्षरं ‘व्हीआर’.

आता अंधाऱ्या खोलीचं. आपली घरं बुटकी, खिडकी एक. तिथं एफ १.८ ची लेन्स लागते, तिचं तोंड मोठं उघडतं, उजेड जास्त घेते. कॅननची ५० एमएम स्वस्त पडते म्हणून सगळे तीच सांगतात. आम्ही घरी दोरी लावून मोजलं. दहा फुटांवरून ती साडेचार फूट रुंदीचंच चित्र घेते. म्हणजे गरोदर बाई आणि तिची ओटी भरणारी जाऊ, संपलं. सासू बाहेर! सासूला बाहेर ठेवून डोहाळजेवणाचे पैसे कोण देईल? निकॉनची ३५ एमएम एफ १.८ त्याच दहा फुटांवरून साडेसहा फुटांच्या वर घेते. पासपोर्ट फोटोला मात्र कॅननची ५० फार गोड, चेहरा नीट येतो आणि मागची भिंत विरघळते.

बाकीचे फरक पटकन सांगतो. निकॉनचा मागचा पडदा जास्त स्पष्ट, त्यावर ठिपके दुप्पट. निकॉन सेकंदाला चार फोटो काढतो, कॅनन तीन. बॅटरी कंपन्यांच्या हिशेबानं पाचशेच्या आसपास फोटो देते, पण व्हिडिओ सुरू केला की भराभर उतरते, तेव्हा दुसरी बॅटरी हवीच. व्हिडिओ काढताना निकॉन स्वतः फोकस शोधत राहतो, पण त्याची घरघर चित्रात येते, आणि तो एका दमात वीस मिनिटांच्या पुढं जात नाही. कॅननमध्ये बाई पुढं-मागं सरकली की बटण अर्धं दाबून फोकस पुन्हा करावा लागतो. फोटो थेट फोनवर पाठवायची सोय दोन्हीत नाही, त्यासाठी फोनला लावायचा कार्ड रीडर घ्या. माणसांचा रंग आम्हाला कॅननमध्ये जास्त तजेलदार वाटला. हे ज्याचं त्याचं.

कॅननच्या १५०० डी आणि ३००० डी या पुढच्या मॉडेलांकडं मन गेलं तर एक बघा. डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत मधला धातूचा ठिपका नाही. बाहेरचे स्वस्त फ्लॅश त्यावर चालत नाहीत. १२०० डी ला तो आहे.

पारख कशी करायची? आम्ही सोबत बॅटरीचा टॉर्च नेला होता. लेन्समधून टॉर्च मारला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते, तशी लेन्स घेऊ नका. मग एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे डाग दिसले तर आत घाण आहे. कॅमेरा किती फोटोंनी झिजलाय तेही कळतं. निकॉनच्या ताज्या फोटोच्या फाइलीतच तो आकडा असतो, संगणकवाला काढून देतो. कॅननच्या १२०० डी मध्ये फाइलीत आकडा लिहिलेला नसतो, केबल लावून वेगळ्या प्रोग्रामनं काढावा लागतो. म्हणून दुकानदार म्हणाला, ‘कमी वापरलाय’, तर बटणांवरचं रंग-रबर बघा, तळाचे ओरखडे बघा. आणि पावती गटाच्या नावानं, त्यावर कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर लिहून घ्यायचाच. विनापावतीचा माल चोरीचा निघाला तर बारा जणींची बचत पोलीस ठाण्यात जाऊन बसेल.

दोन बैठका वाद झाला. अखेर सात विरुद्ध पाच मतांनी आम्ही निकॉन घेतला, ३५ एमएमची लेन्स थोडी थांबून घेतली. कारण ओव्या, भंडारा आणि सासू, तिन्ही. पाच जणी अजून म्हणतात कॅननच पाहिजे होता. ज्या गटाला फक्त पासपोर्ट फोटो आणि अंगणातले कार्यक्रम करायचे आहेत, त्यांच्यासाठी त्या पाच जणींचं म्हणणं बरोबर आहे, आम्हीही कॅननच सुचवू. तुमच्या गावात कुणाकडं आधीच कॅनन असेल तर प्रश्नच मिटला, लेन्स आणि बॅटरी अडीनडीला मागता येते.

सुनांचा सराव किल्ल्यावर चालतो. आपला किल्ला काळ्या दगडाचा. त्या दगडापुढं बाई उभी केली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. दोन्ही कॅमेऱ्यांवर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण आहे, ते धरून चक्र उण्याकडं फिरवायचं. काळी चंद्रकळा नेसलेल्या बाईलाही हाच उपाय. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की पाणीमहालापाशी तुषार उडतात. या दोन्ही कॅमेऱ्यांना पाणी सोसत नाही, तेव्हा टॉवेल खांद्यावर. घरी आल्यावर ओला कॅमेरा पेटीत टाकायचा नाही, वाऱ्यावर वाळवायचा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. कपड्यांच्या कपाटात तर अजिबात नको, बुरशी तिथंच धरते.

ठरावाच्या वहीत आम्ही एवढं लिहिलंय: कार्यक्रमाच्या कमाईतला तिसरा हिस्सा गटात, बाकी काढणारीचा. कॅमेरा कुणाच्या नवऱ्याला, दिराला, भावाला उसना मिळणार नाही. ज्या बाईचा फोटो काढला तिला विचारल्याशिवाय तो कुणाच्या फोनवर जाणार नाही. या शेवटच्या कलमाला सगळ्या बाराच्या बारा जणींनी हात वर केला होता.

येत्या पौष पौर्णिमेला मैलारपूरला याल तर पिशवी बांधलेला कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आमच्या दोघी दिसतील. हाक मारा. फोटो काढून घ्या, लेन्स हातात घेऊन बघा, फक्त भंडाऱ्याचा हात आधी पुसा.