मध, डाग आणि आपली दक्षता
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वैद्य नाही; वाणिज्य शाखेचे पदवीधर व रुग्णालयाचा हिशेब सांभाळणारे आहोत. तरीही आज मधाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरील बाकांवर "मध लावून पाहिला" हे वाक्य आमच्या कानी नित्य पडते.

घरच्या या औषधाला आम्ही कमी लेखत नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावर मध व तूप सांगितले आहे. १९९१ मध्ये सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ रुग्णांना मधाच्या पट्ट्या बांधल्या, तर ५२ रुग्णांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम लावले. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटातील १० टक्के. मधातील दाट साखर व आम्लता जंतूंना वाढू देत नाही. मात्र ते उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. आज जखमांसाठी वापरला जाणारा वैद्यकीय मधही निर्जंतुक केलेला असतो. डब्यातील मध तसा नसतो.

परंतु जखम वेगळी आणि डाग वेगळा. मुरुमांवर मधाचा उपयोग होतो का, हे न्यूझीलंडमध्ये १३६ जणांवर तपासले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधाचा खात्रीलायक लाभ आढळला नाही. मधाने बहुधा अपाय होत नाही. अपाय होतो तो गेलेल्या वेळाने.

गतवर्षी एक माउली आपल्या मुलास घेऊन आली. दंडावरील फिकट चट्ट्यावर तिने आठ महिने श्रद्धेने मध व हळद लावली होती. डॉक्टरांनी मुलास डोळे मिटावयास सांगून चट्ट्यास कापसाने स्पर्श केला. मुलास तो कळला नाही. निदान कुष्ठरोगाचे झाले आणि तोवर करंगळीतील शक्ती उणावली होती. औषधाने जंतू मरतात. दुखावलेली नस मात्र पूर्ववत होईलच असे नाही. त्या माउलीच्या मायेत काही उणे नव्हते. तिला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

आपल्या विदर्भास हा रोग नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये आणि पुढे वरोऱ्यास आनंदवनात समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांची सेवा सुरू झाली. आज शासकीय आरोग्य केंद्रांत बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. सहा किंवा बारा महिन्यांत तो पूर्ण होतो आणि रुग्णास घराबाहेर काढण्याचे काही कारण उरत नाही. लवकर येणे, एवढेच आपल्या हाती आहे.

म्हणून नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे. घरी कोणाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसल्यास प्रथम तेथे स्पर्श कळतो का, ते पाहावे. कळत नसेल, तर मध कपाटात ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे यावे. स्पर्श कळत असूनही चट्टा हटत नसेल, तरीही दाखवावे. आणि एक वर्षाखालील बाळास मध चाटवू नये.

देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आम्ही या अहवालात मांडला आहे. वेळेवर आल्यामुळे वाचलेली बोटे कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाहीत. तरीही तीच आपल्या दानाची खरी जमा आहे, असे आम्ही मानतो.