दारू सुटते आहे, मूल कुणाचे?

(गावसंघटनांचे कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका आणि आश्रमशाळांचे अधीक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ताई-दादांनो, दारूबंदीवर मी तुम्हाला काय सांगणार? गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, त्यातही बायकांनी, झगडून मिळवली. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. 2016 पासून मुक्तिपथचे काम गावोगाव चालू आहे, तालुक्याला व्यसन उपचार क्लिनिक आहेत. हे सगळे तुम्ही रोज पाहता, करता.

आज बोलायचे आहे ते दारू सोडत असलेल्या आईबापाबद्दल आणि त्यांच्यापासून दुरावलेल्या मुलाबद्दल.

समजा, एका गावात आई वारली आहे आणि बाप मोहाच्या दारूत बुडाला आहे. पाच वर्षांची मुलगी उपाशी फिरते. कुणीतरी 1098 वर फोन केला, मुलगी बाल कल्याण समितीपुढे आली आणि बालगृहात गेली. इथपर्यंत सगळे ठीकच झाले. पुढे बाप शुद्धीवर आला, क्लिनिकमध्ये जाऊ लागला. चार महिने झाले, त्याने दारूला हात लावलेला नाही. आता तो म्हणतो, माझी पोर मला द्या. गाव म्हणते, याचा काय भरवसा? आणि कुणीतरी शहाणा सुचवतो की शहरात चांगली माणसे आहेत, मुलीला दत्तक देऊन टाका, तिचे भले होईल.

अशा वेळी आपण काय बोलायचे? त्यासाठी कायदा काय म्हणतो ते आधी समजून घेऊ.

2015 च्या बालन्याय कायद्यात पालकाचा हक्क संपवण्याचा वेगळा खटला नसतो. पालक मुलाचा सांभाळ करायला असमर्थ आहे असे समितीला आढळले, तर ते मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. याचा अर्थ मूल सरकारचे झाले असा नाही. समितीपुढे अनेक वाटा असतात. मूल देखरेखीखाली घरी पाठवता येते. आजी-मामासारख्या योग्य व्यक्तीकडे थोड्या किंवा जास्त काळासाठी ठेवता येते. प्रतिपालक कुटुंबात देता येते. पैशाची मदत लावता येते. बालगृहही आहे, पण संस्था हा शेवटचा उपाय, असे कायद्याच्या मूळ तत्त्वांतच लिहिलेले आहे.

दत्तक ही मात्र परतीची वाट नसलेली गोष्ट आहे. दत्तकाचा आदेश झाला की जन्मदात्या घराशी मुलाचे कायद्याचे नाते तुटते. म्हणून त्याआधी समितीच्या किमान तीन सदस्यांनी मिळून मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करावे लागते. पालकाने स्वतः मूल सोपवायचे ठरवले, तर ते समितीपुढेच सोपवावे लागते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. समितीचा आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. मूल नातेवाइकाकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात ठेवण्याचे प्रश्न काही वेळा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, म्हणून अपील कुठे करायचे ते आधी विचारून घ्यावे.

आपल्या भागात हे नीट सांगणे फार गरजेचे आहे. नशेत असलेल्या माणसाचा अंगठा शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घेतला म्हणजे दत्तक होत नाही. असे परस्पर मूल देणे-घेणे गुन्हा आहे, आणि त्यात पैसे फिरले तर ती मुलाची विक्री ठरते. दुसरी गोष्ट, 1956 चा हिंदू दत्तक कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. बालन्याय कायदा मात्र सर्व मुलांना लागू आहे, मग ते माडिया असो, गोंड असो की कोलाम.

आता कायद्याच्या पलीकडची अडचण. दारू सुटायला वेळ लागतो आणि मुलाचे वय कुणासाठी थांबत नाही.

व्यसन हा आजार आहे. खूप वर्षे पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. म्हणून डॉक्टर लागतो. सोडल्यानंतरही माणूस घसरतो, पुन्हा उठतो. आपल्याकडे तर घसरण्याचे हंगाम ठरलेले आहेत. मोहफुलाचे दिवस येतात, पाठोपाठ तेंदूपत्त्याचा पैसा हातात पडतो. अशा वेळी एकदा घसरला म्हणून माणूस संपला असे नाही. पण पाच वर्षांच्या मुलीला ‘बाबा बरे होईपर्यंत थांब’ असे वर्षानुवर्षे सांगत राहणे हाही अन्यायच आहे.

इतर देशांनीही या पेचाला तोंड दिले आहे. अमेरिकेत 1997 च्या कायद्याने मुदतच घातली. मूल 22 महिन्यांपैकी 15 महिने सरकारी देखरेखीत परक्या घरी राहिले, तर पालकाचा हक्क संपवण्यासाठी राज्याने न्यायालयात जावे. मूल नातेवाइकांकडे असेल तर सूट मिळू शकते. मूल लोंबकळत राहू नये हा हेतू चांगला, पण दारू-ड्रग्जमधून बाहेर येणाऱ्या कितीतरी आयांना ती मुदत अपुरी पडते. लंडनमध्ये 2008 साली वेगळी वाट काढली. तिथल्या खास कौटुंबिक न्यायालयात पालकाला उपचार देतात आणि तोच न्यायाधीश दर थोड्या दिवसांनी त्याला समोर बोलावून प्रगती विचारतो. माणूस सुधारला तर मूल घरी जाते, नाही सुधारला तर निर्णयही वेळेत होतो.

आणखी एक गोष्ट आपण आदिवासी भागातल्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी. अमेरिकेतल्या मूळ निवासी जमातींची मुले पिढ्यानपिढ्या ‘त्यांच्या भल्यासाठी’ म्हणून बाहेरच्या घरांत नेली गेली. त्याविरुद्ध जमाती उभ्या राहिल्या आणि 1978 मध्ये वेगळा कायदा झाला. घर टिकवण्यासाठी आधी मनापासून प्रयत्न करायचे, मग मूल नातेवाइकांकडे, नाहीतर जमातीतल्या दुसऱ्या घरी द्यायचे, असा क्रम त्यात घातला. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला.

आपल्या जिल्ह्यातही मूल दूरच्या शहरात गेले की आधी माडिया बोली जाते, मग गोत, मग गाव. त्या मुलीला मामा असतो, आजी असते. त्यांना कुणी विचारले का, हा प्रश्न आपण विचारायचा.

आणि बापाची बाजू समितीपुढे पोचते का? भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त. पर्लकोटा चढली की रस्ता बंद. हिवाळा सरताना कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. संस्थेच्या वहीत मात्र एवढीच नोंद होते की मुलाला भेटायला कोणी आले नाही. ही नोंद पुढे पालकाच्या विरोधात जाऊ शकते. पूर आला होता, मजुरीला गेला होता, भाड्याला पैसे नव्हते, हे त्या वहीत आपोआप येत नाही. ते कुणीतरी लिहून द्यावे लागते. बापाला मराठी नीट येत नसेल तर दुभाष्या मागावा लागतो.

समितीच्या आदेशाने होणारी सामाजिक चौकशी 15 दिवसांत आणि अंतिम निर्णय चार महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो. म्हणजे आपल्याला फार वेळ नसतो. क्लिनिकमध्ये माणूस किती वेळा आला, औषध घेतो का, कामावर जातो का, घरात आणखी कोण आहे, हे त्या चौकशीत गेले पाहिजे. घसरला असेल तर तेही लिहा. लपवलेले घसरणे नंतर उघड झाले तर समिती त्याच्यावरही विश्वास ठेवणार नाही आणि आपल्यावरही.

मूल आजीकडे राहणार असेल तर रिकाम्या हाताने पाठवू नका. बालसंगोपन योजना आहे. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना 4,000 रुपये आहेत, ग्रामीण कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 72,000 रुपये. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. बाप बरा होईपर्यंत मूल गावात, आपल्या माणसांत राहील आणि बाप रोज संध्याकाळी शुद्धीत येऊन त्याला भेटेल, यासारखे दुसरे औषध नाही.

तरीही एक गोष्ट कठोरपणे सांगते. बाप पुन्हा पुन्हा पितो, मारतो, उपचाराला नकार देतो, नातेवाइकही पुढे येत नाहीत, अशी घरे आहेत. तिथे बापाची दया करून मुलाला टांगून ठेवू नका. त्या मुलाला कायमचे घर मिळण्याचा हक्क आहे, आणि कायद्याने नीट झालेले दत्तक हे त्याच्यासाठी वरदान ठरू शकते. आपण बापाचे वकील नाही आणि दत्तक घेणाऱ्यांचेही नाही. मूल आज सुरक्षित आहे का, हे पहिले बघायचे. त्याला आपले घर परत मिळू शकते का, आणि किती दिवसांत, हे त्यानंतर.

जाता जाता एकच काम मागते. उपचार शिबिरात माणसाचे नाव नोंदवताना त्याच ओळीत त्याच्या मुलांची नावे लिहा, वय लिहा, आणि ती आज कुणाकडे जेवतात ते लिहा. ती ओळ वाचली की पुढच्या आठवड्यात कुणाच्या दारात जायचे ते तुम्हाला कळेल.

जय सेवा!