वेळेआधी येणाऱ्या बाळाची तयारी

‘जोखमीचं गरोदरपण’ असा विषय आकाशवाणीनं दिला, तेव्हा मी थोडी सूट मागून घेतली. रक्तदाब का वाढतो, वार खाली का राहते, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगावं. मी नवजात बाळांची डॉक्टर. वेळेआधी आलेलं बाळ माझ्याकडे येतं, आणि दाराबाहेरच्या बाकावर त्याचे वडील, आजी, मामा बसलेले असतात. आत काय चाललंय, आपण काय करायचं, कशाचीच त्यांना कल्पना नसते. अशी शक्यता ज्या घरात आधीपासून माहीत आहे, त्या घरानं काय तयारी ठेवावी, तेवढंच आज बोलते.

शक्यता कुठे असते? जुळं असेल, बी.पी. किंवा साखर वाढलेली असेल, मधूनच अंगावरून रक्त जात असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल, तिथे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, तिथेही हे लक्षात येतं आणि कार्डावर लाल खूण होते. त्या खुणेनं घाबरून जाऊ नका. ती तयारीला लागण्यासाठी असते.

आधी एक समजूत काढून टाकू. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आजही घरोघरी ऐकू येतं. अगदी शिकलेल्या घरांतही. हे खरं नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ मुदतपूर्व, आणि त्यातही जितके आठवडे जास्त पोटात, तितकी त्याची फुप्फुसं, आतडी, मेंदू तयार. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर. म्हणजे आठव्यातलंच बाळ म्हणायचं. दोन दिवसही जगला नाही. कारण फुप्फुसं कच्ची होती, आणि त्यावरचा इलाज तेव्हा जगात कुणाकडेच नव्हता. आज तेवढी बाळं आपल्या जिल्हा रुग्णालयांतून बरी होऊन घरी जातात. तेव्हा आठवा लागला म्हणून हाय खाऊ नका, आणि सातवाच आहे, एवढ्यात काही होत नाही, असं म्हणून कळा अंगावरही काढू नका.

आता तयारी. लोक पिशवी भरण्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, जागेपासून करा. एवढ्या लवकरचं बाळ सांभाळण्याची सोय जिथे आहे, तिथेच बाळंतपण व्हायला हवं. बाळ एकीकडे जन्मलं आणि मग त्याला घेऊन धावपळ, यात जे तास जातात ते फार महागात पडतात. वाटेत बाळ गार पडतं, साखर उतरते, श्वास अडखळतो. आईच्या पोटात मात्र ऊब असते, प्राणवायू असतो. म्हणून बाळाला हलवण्यापेक्षा आईला हलवा. तपासणीच्या साध्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा: तिसाव्या आठवड्यात बाळ आलं तर इथे सांभाळाल का? नाही तर कुठे पाठवाल? ते ठिकाण एकदा दिवसाउजेडी बघून या. १०८ आणि १०२ हे नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत. रात्री फाटकाची किल्ली कुणाकडे, सोबत कोण जाणार, मोठ्या मुलाला शेजारी कुठे ठेवायचं, हेही ठरवा. पुन्हा सांगते, बाळाला हलवण्यापेक्षा आईला हलवा.

इथे माहेरच्या मंडळींशी थोडं बोलायचं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मनापासून आवडते. आईजवळ मुलगी निर्धास्त होते. पण सातव्यात ओटी भरली की जोखमीच्या बाईला पाच-सहा तास गाडीत बसवून अशा गावी न्यायचं, जिथून नवजात विभाग दोन तासांवर आहे, हे बरोबर नाही. तिथल्या डॉक्टरांनी तिला कधी पाहिलेलं नसतं. फाईल सासरी राहिलेली असते. ओटी हौसेनं भरा, हिरवी साडी नेसवा, आणि या वेळी आईनं लेकीकडे राहायला यावं. जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, फाईल आणि सोनोग्राफीचे सगळे कागद घेऊन, आणि गेल्याबरोबर तिकडे नाव नोंदवून.

लवकर पोचायला मी इतकं का सांगते? कारण एक इंजेक्शन आहे. लोक त्याला फुप्फुसांचं इंजेक्शन म्हणतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. वेळेच्या फार आधी जन्मलेलं एक कोकरू, ज्याला श्वास घेता यायलाच नको होता, ते श्वास घेताना त्यांना दिसलं. त्याला आधी स्टिरॉइड दिलेलं होतं. लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की हेच औषध आईला दिलं तर माणसाच्या बाळाचीही फुप्फुसं लवकर तयार होतात. हे इंजेक्शन अगदी स्वस्त आहे. पण पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून पोट कडक होऊन सैल पडू लागलं, कंबर भरून आली, पाणमोट फुटली, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा बी.पी. असलेल्या बाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. खोट्या कळा निघाल्या आणि घरी पाठवलं, तर बरंच झालं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. काचेच्या पेटीबद्दल लोकांना फार कुतूहल असतं. बाळाला पेटीत ठेवलंय म्हटलं की आपलं काम संपलं, असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९च्या सुमारास पेट्या कमी पडत होत्या, एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत होती आणि जंतुसंसर्गानं बाळं दगावत होती. तेव्हा रे आणि मार्तीनेझ या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू मदर केअर म्हणतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलोपासून अठराशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच असं छातीशी घेतलं, तर मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात, असं त्यात दिसलं.

कसं घ्यायचं ते नीट ऐका. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपरं आणि पायमोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मधोमध बाळ उभं, त्वचेला त्वचा. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. हात-पाय बाजूंना दुमडलेले. बुडाखालून मऊ कापड घेऊन ते आईच्या पाठीशी बांधायचं. आजीचं वापरून मऊ झालेलं नऊवारी यासाठी फार छान. फाडून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवा. बांधल्यावर थोड्याच वेळात बाळाचा श्वास एका लयीत येतो, तळवे गरम लागतात. आई आजारी असेल तर वडिलांनी घ्यायचं, आजीनं, मावशीनं घ्यायचं. एका वेळी निदान तासभर, आणि दिवसाचे जितके तास जमतील तितके. म्हणून पिशवीत पुढून उघडणारे गाऊन ठेवा आणि वडिलांनी बटणांचे शर्ट आणा. नखं कापलेली हवीत. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. खोकला असलेल्यानं थांबायचं. आणि तंबाखू, मशेरी आजपासून बंद. जावईबापूंनी सुट्टी बारशासाठी राखून ठेवू नये. ती या दिवसांत लागते.

दुधाचं. चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. त्याला नळीनं, मग वाटी-चमच्यानं किंवा आपल्या बोंडल्यानं पाजतात. घरात जुनं बोंडलं असेल तर घासूनपुसून ठेवा, वापरायचं की नाही ते सिस्टर सांगतील. पण दूध आईचंच. पहिले दोन दिवस वाटीच्या तळाशी पिवळसर चिकाचे काही थेंबच दिसतात, आणि बायका रडकुंडीला येतात. ते थेंबच या बाळाचं औषध. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हातानं काढायला सुरुवात करायची, मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हाताची पद्धत सिस्टरकडून आधी नुसती बघून ठेवा. गरोदरपणात करून पाहू नका, त्यानं कळा सुरू होऊ शकतात. आईला दूध यायला उशीर झाला, तर काही ठिकाणी दुग्धपेढी असते. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. मध, गुटी, साखरेचं पाणी यांतलं काहीही नको. आजीनं प्रेमानं दिलं तरी नको.

वेळ संपत आल्याची खूण होते आहे, आणि खर्चाचं राहिलंच. सरकारी रुग्णालयात बाळाचा उपचार वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे, बाळंतिणीला घरी सोडायची गाडीही. आशाताईंना विचारा.

आणि एक शेवटचं, ते चुकवू नका. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचे, फारच लहान असेल तर त्याहून आधी. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा एक विकार अशा बाळांना होतो. बाहेरून काही दिसत नाही. वेळेत सापडला तर लेझरनं नजर वाचते, उशीर झाला तर जाते. ही तारीख सव्वा महिन्याच्या आत येते, आणि नेमकी तेव्हाच घरची मंडळी म्हणतात की बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. बाळंतीण थांबली तर थांबू दे, बाळाला वडिलांनी घेऊन जावं. घरी सोडताना ती तारीख कार्डावर लिहून घ्या.