‘पुट ऑफ’ कसे शिकवावे?



मी वर्गावर असताना एका मुलाने ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ याचा अर्थ ‘त्यांनी सभा बंद ठेवली’ असा लिहिला. मी त्यावर तांबडी रेघ ओढली. वास्तविक ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे मीच त्याच्याकडून पाठ करवून घेतले होते. ही गोष्ट माझ्या ध्यानी आली तोवर त्याने इंग्रजीच्या तासाला हात वर करणे सोडले होते.

दोन शब्दांचे मिळून हे एकच क्रियापद होय, व ते तसेच शिकवावयास हवे. आपण ‘सभा पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा कोणी तिला हाताने धक्का दिला, असे मुलाला वाटत नाही. तेथूनच आरंभ करावा. माणसाला ‘पुट ऑफ’ केले म्हणजे सबबी सांगून टोलविले. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे मात्र वासाने माझे मन विटले. येथे ढकलणे कामास येत नाही, प्रसंगच सांगावा लागतो.

बांधणीविषयी थोडेसे. ‘मीटिंग’सारखे नाम मध्ये किंवा शेवटी चालते, सर्वनाम मात्र मध्येच हवे : ‘पुट इट ऑफ’. पुढे क्रियापद आल्यास ‘टु राइट’ नव्हे, ‘रायटिंग’.

आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणून शब्दार्थांच्या वहीत ‘ऑफ’समोर ‘बंद’ एवढेच लिहून देऊ नये. पावसाने सहल पुढे गेली की त्याच दिवशी हे वाक्य मुलांकडून बोलवून घ्यावे.