सापडलेला रुग्ण हरवतो कोठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील एका मुलाचे डोके पटांगणात फुटले आणि त्याला घेऊन मला सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे लागले. टाके पडेपर्यंत दीड तास मी बाकावर बसून होतो. शेजारी एक ट्रकचालक होता, ताप आलेली एक मोलकरीण होती, दारूच्या नशेत पडलेला एक वृद्ध होता. घरचा डॉक्टर असा यांपैकी कोणालाच नसावा. दुखणे विकोपाला गेले म्हणजे जे दार उघडे असते, ते हेच.

याच दाराशी हेपॅटायटिस सी या रोगाला गाठता येईल, असा विचार गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे आणि गळ्यात घातलेली औषधी माळ आठवते. हा रोग तसा नव्हे. रक्तावाटे शिरलेला हा विषाणू वीस-वीस, तीस-तीस वर्षे यकृतात मुकाट्याने राहतो. आणि पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा यकृत बहुधा कठीण झालेले असते. 1989 साली विषाणूची ओळख पटली. त्या संशोधनाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे रक्तपेढ्यांत याची तपासणी 2001 मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वी ज्यांना रक्त चढविले गेले, अथवा एकाच सुईने अनेकांना टोचण्याच्या प्रघातात जे सापडले, त्यांना आपल्या अंगात काय आहे याची कल्पनाही नसते.

औषध नाही, म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर हे औषध मान्य झाले. तेथे एका गोळीला एक हजार डॉलर पडत. पुढे भारतीय कारखान्यांना ते बनविण्याचा परवाना मिळाला आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. आता साधारणतः बारा आठवडे रोज गोळ्या घेतल्या की शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत.

मग अडते कोठे, हे सांगण्यासाठी मी अलाबामातील बर्मिंगहॅम येथील एका रुग्णालयाचा अनुभव निवडला आहे. तेथील तातडीच्या विभागात, दुसऱ्याच कारणाने आलेल्या मध्यमवयीन व वृद्ध रुग्णांची 2013 साली तपासणी झाली. आपल्या संसर्गाची वार्ताही नसलेल्या 1,529 जणांपैकी 170 जणांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. प्रतिपिंडे म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण. तो अजून आत आहे की नाही, हे दुसऱ्या चाचणीने ठरते. त्या चाचणीतही ज्यांचा दोष सिद्ध झाला, अशा पहिल्या शंभर जणांना दूरध्वनी केले गेले. पाच-पाच वेळा प्रयत्न करूनही गाठ पडली ती 54 जणांची. यकृततज्ज्ञाकडे जाण्याची वेळ पक्की झाली ती 38 जणांची.

आम्हा शिक्षकांना हे गणित परके नाही. पटावरची संख्या निराळी आणि वर्गात बसलेली मुले निराळी. नाव पटावर चढले म्हणजे शाळेचे काम झाले असे मानणारा मुख्याध्यापक आणि अहवाल तयार झाला म्हणजे रुग्णालयाचे काम झाले असे मानणारा अधिकारी, दोघे एकाच माळेचे मणी. (मीही पूर्वी तसेच मानीत असे, हे कबूल केले पाहिजे.) गैरहजर मुलाच्या घरी जावे लागते.

इंग्लंडमध्ये एप्रिल 2022 पासून लंडन, मँचेस्टर, ब्रायटन व ब्लॅकपूल येथील तातडीच्या विभागांत, रक्त काढावेच लागलेल्या प्रौढांची ही तपासणी सरसकट होऊ लागली. नको असेल त्याने तसे सांगावे, एवढेच. पहिल्या चाचणीत दोष दिसला तर त्याच नमुन्यावर दुसरी करावयाची, म्हणजे रुग्णाला एक खेप वाचते. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट : याच रोगातून बरी झालेली माणसे त्या देशात नव्या रुग्णांच्या सोबतीला दिली जातात. रस्त्यावर राहणाऱ्याला, सुईने नशा करणाऱ्याला पांढऱ्या डगल्याचे भय वाटते. तेथे "मीही त्या गोळ्या घेतल्या, चल माझ्याबरोबर" हे शब्द अधिक काम करतात.

आपल्याकडे औषध फुकट असूनही अपघात विभागाच्या बाकापासून उपचार केंद्राच्या खिडकीपर्यंत रुग्णाला नेणारे माणूस बहुधा कोणी नसते. त्या दिवशी केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाने मुलाच्या आईला दूरध्वनी क्रमांक विचारला. तिने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा सांगितला. दुसऱ्या दिवशी मुलाची चौकशी करावी म्हणून मी तो फिरविला, तर तो क्रमांक बंद होता. मी सायकल काढली आणि घरी गेलो.