निरीक्षणाची वही : गडचिरोलीने दिलेला धडा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णसेवा म्हटली की डोळ्यांपुढे दवाखाना, औषधे, रुग्णवाहिका आणि दात्यांच्या नावांच्या पाट्या उभ्या राहतात. या सर्वांइतकीच मोलाची, परंतु सहसा कोणाच्या ध्यानी न येणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे नोंदवही. रुग्ण किती जेवला, कसा झोपला, हाकेला ओ दिली की नाही, कालच्यापेक्षा आज काय बदलले, याची वेळच्या वेळी व जशीच्या तशी नोंद ठेवणे आणि पुढे त्या नोंदींची छाननी करून अर्थ काढणे, हे रुग्णसेवेचे एक स्वतंत्र अंग आहे. या अंगाचे जगाने मान्य केलेले उदाहरण गडचिरोलीच्या जंगलात घडले, ही चंद्रपूर-गडचिरोलीकरांच्या अभिमानाची गोष्ट होय.

व्यापारी समाजाला हा विषय परका नाही. रोजकीर्दीत त्या-त्या दिवशीचा व्यवहार उतरतो, त्यावरून खतावणी होते, तेरीज जुळते आणि वर्षाअखेर ताळेबंद निघतो. रोजकीर्द आठ दिवसांनी आठवून लिहिली तर ताळेबंद कितीही सुबक दिसला तरी खोटाच ठरतो. रुग्णाच्या नोंदीचेही नेमके तसेच आहे.

जिल्हा आणि प्रश्न

दि. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने 1986 च्या सुमारास तेथे 'सर्च' या संस्थेद्वारे कार्यास आरंभ केला. गावोगावी अर्भके दगावत होती. पुष्कळ मुले घरीच जन्मत आणि काही दिवसांत घरीच मरत. त्यांचा जन्मही कागदावर नसे आणि मृत्यूही नसे. ज्या हानीची नोंदच नाही, ती भरून काढण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

प्रथम न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेण्यात आला. बालकाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. परंतु गावातील निरक्षर सुईणीला मोठ्या संख्या मोजता येत नसत. त्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले 'श्वासमापक' हे साधे उपकरण बनविण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आले की निदान करता येऊ लागले. या प्रयोगाने बालमृत्यू घटल्याचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आरोग्यदूताची वही

यापुढचा प्रश्न अधिक बिकट होता. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू थांबवायचे कसे? 1995-96 मध्ये 39 गावांतील 763 नवजात बालकांचे घरोघरी निरीक्षण करण्यात आले. हे काम करणाऱ्या 'आरोग्यदूत' म्हणजे त्याच गावातील, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया. ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, आईला विचारायचे आणि छापील तक्त्यात तेथल्या तेथे लिहायचे, असा त्यांचा परिपाठ होता.

नोंदींची बेरीज झाली तेव्हा विदारक चित्र समोर आले. सुमारे 54 टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती मिळाली केवळ 2.6 टक्के बालकांना. हा आकडा कोणत्याही दवाखान्याच्या दप्तरात सापडला नसता, कारण ही बालके दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

आईचे बोल आणि सात लक्षणे

नवजात बालकाच्या अंगात जंतुदोष पसरला आहे की नाही, हे ठरविण्यासाठी रुग्णालयात रक्ताची तपासणी करतात. जंगलातील खेड्यात प्रयोगशाळा कोठून आणणार? तेव्हा संशोधकांनी आरोग्यदूतांच्या नोंदी पुढे ठेवून जगलेल्या व दगावलेल्या बालकांची लक्षणे ताडून पाहिली. त्यातून सात लक्षणे निवडण्यात आली : दूध ओढणे कमी होणे अथवा थांबणे, रडणे क्षीण होणे अथवा थांबणे, हातपाय ढिले पडणे, उलटी होणे किंवा पोट फुगणे, बाळाचे अंग आईच्या हाताला गार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे आणि नाळेच्या जागी पू होणे. यांतील कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली की धोका समजून उपचार करावेत अथवा रुग्णालयात पाठवावे, असा निकष ठरला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, जंतुदोषाने दगावलेले एकही बालक या निकषातून निसटले नव्हते. इतर शंभर बालकांपैकी सुमारे आठांच्या बाबतीत नाहक धोक्याची घंटा वाजे. परंतु प्राण वाचविण्यासाठी ती किंमत अल्पच म्हणावी लागेल.

या यादीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पहिली तीन लक्षणे बालकाच्या वर्तनातील बदल सांगतात. 'काल चांगले ओढत होते, आज ओढत नाही' हे आईच म्हणू शकते, कारण कालचे बाळ तिनेच पाहिलेले असते. आईचे हे बोल पूर्वी हवेत विरून जात. ते लिहिले गेले, मोजले गेले आणि ताडून पाहिले गेले, तेव्हा त्यांना वैद्यकीय लक्षणाची प्रतिष्ठा प्राप्त झाली.

निरीक्षणापाठोपाठ उपचारही सुरू झाले. प्रशिक्षित आरोग्यदूत घरीच तोंडावाटे औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊ लागल्या. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 होते, ते 1997-98 पर्यंत 25.5 झाले. हे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2011 साली भारत सरकारने आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम स्वीकारला. रुग्णालयात जन्मलेल्या बालकास 42 दिवसांत सहा आणि घरी जन्मलेल्यास सात भेटी देण्याची त्यात तरतूद आहे.

नोंद विश्वसनीय कशी झाली?

हिशेबनीसाला पडणारा प्रश्न असा की, अल्पशिक्षित स्त्रीने लिहिलेल्या वहीवर जगाने विश्वास का ठेवला? त्याची उत्तरे साधी आहेत. नोंद जागेवरच होत असे. पाहिलेले लिहायचे, तर्क लिहायचा नाही, हा दंडक होता. डॉक्टर दर पंधरवड्यास गावात जाऊन नोंदी पडताळून पाहत. जन्म-मृत्यूंची मोजणी वेगळ्या पाहणीनेही होत असे, जणू स्वतंत्र लेखापरीक्षणच. शिवाय, जेथे ही सेवा नव्हती अशा 47 गावांशी तुलना केली गेली. त्यामुळे झालेली घट केवळ काळाच्या ओघात झाली, असे म्हणण्यास जागा राहिली नाही.

घरोघरीच्या रुग्णसेवेसाठी

हा धडा नवजात बालकांपुरताच मर्यादित नाही. घराघरांत वृद्ध आईवडील, पक्षाघाताचे रुग्ण, स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे आहेत. दिवसा सून पाहते, रात्री मुलगा बसतो, मधल्या वेळी सेविका येते. आणि डॉक्टरांनी विचारले की प्रत्येकाचे उत्तर निराळे. 'बाबा रात्रभर त्रास देत होते' असे लिहिल्याने काहीच कळत नाही. 'रात्री दोन वाजता उठले, दार उघडू लागले, नाव विचारल्यावर उत्तर आले नाही, दुपारपासून पाणी एकच पेला, लघवी एकदा' असे लिहिले तर डॉक्टरांस दिशा सापडते. वृद्ध माणूस एकाएकी गोंधळल्यासारखा वागू लागला, तर त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते. त्याला हट्टी ठरवून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय होय.

यास्तव चार पथ्ये पाळावीत. तारीख व वेळ लिहावी. पाहिलेले लिहावे, मत लिहू नये. कालच्यापेक्षा काय बदलले ते आवर्जून लिहावे. आणि आठवड्यातून एकदा मागची पाने वाचून, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आहे काय, ते पाहावे. ही वही रुग्णाची ठेव आहे. तिच्यातील मजकूर शेजाऱ्यापाजाऱ्यांत चर्चेचा विषय होता कामा नये.

समाजाच्या संस्था खाटा देतात, यंत्रे देतात, औषधांसाठी निधी उभारतात. त्यासोबत प्रत्येक रुग्णाच्या उशाशी एक वही व पेन्सिल ठेवण्याचा आणि ती भरण्यास घरातील माणसांना शिकविण्याचा उपक्रम सहज हाती घेता येईल. त्यासाठी खर्च नाममात्र आहे. लागते ती नियमितता. गडचिरोलीच्या खेड्यांतील सहावी-सातवी शिकलेल्या स्त्रियांना जे साधले, ते साक्षर कुटुंबांना अशक्य नाही.