संगणकाच्या आतलं शिक्षण

बारावीनंतर ‘कॉम्प्युटरला जायचंय’ म्हणणारी मुलं परभणीत गल्लोगल्ली भेटतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं ॲप, नाहीतर वेबसाइट. संगणक प्रणाली अभियांत्रिकी त्याच्याही खाली उतरते: प्रोसेसर सूचना कशा पाळतो, ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी कशी वाटून देते. पदवीचा प्रवेश एमएचटी-सीईटीतून. डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात. शेजारी नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून आहे. गणित कच्चं ठेवून मात्र निभत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पुढे चिप डिझाइन, नेटवर्क, सायबर सुरक्षा अशा वाटा आहेत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ महासंगणक घडवला, तो अनेक प्रोसेसर एकत्र राबवून. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातले.

आणि परभणीतच पाहायचं तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन आणि रोबोटवर काम झालंय. सोयाबीनवर फवारणी करताना ड्रोनचा तोल सेकंदाला कित्येकदा सावरतो तो आतला मायक्रोकंट्रोलर. त्याचा प्रोग्राम लिहिणं, हेही याच अभियंत्याचं काम.